दहा वाव खालचा लाल रंग

मी एक जुना, चौदा इंची, रंगीत मॉनिटर आहे. टीव्ही नव्हे. सांगलीत मी नवा आलो तेव्हा शेजारपाजारची मंडळी रविवारी सिनेमा बघायला येऊन बसली होती, म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतात ते मला खोक्यातून जपून बाहेर काढणारे सुमंत सर. विश्रामबागेतल्या त्यांच्या संगणक वर्गातले बाकीचे मॉनिटर काळेपांढरे होते. दोनशे छप्पन्न रंग दाखवणारा मी एकटाच. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला त्याची चांगलीच घमेंड होती.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. वर्गात शिकवणारी भार्गवी मूळची वाईची. दुपारी वर्ग रिकामा झाला की ती माझ्यासमोर बसून एक खेळ तयार करायची. त्यात एक मुलगी समुद्रात बुडी मारते आणि तळाशी जाऊन पोवळी गोळा करते. दिवाळीच्या आधी साताऱ्यात अशा खेळांची स्पर्धा होती आणि पहिल्या येणाऱ्याला पुण्यातली एक कंपनी नोकरी देणार होती. भार्गवीच्या वडिलांनी, गोपाळकृष्णपंतांनी, तिला तेवढीच मुदत दिली होती. पहिली आलीस तर पुणे, नाही तर हा नाद सोडून वाईला परत ये आणि बँकेच्या परीक्षेला बस.

खेळ पहिल्यांदा झाला तो भलताच देखणा. पाणी मोरपिशी, मासे पिवळेधमक, पोवळी लालभडक. मुलं माझ्यासमोर रांग लावायची. मी तर फुलून गेलो होतो.

एके दिवशी वर्गात आकाराम आले. त्यांची मुलगी रेश्मा आमच्याकडे शिकायची. ते पूर्वी नौदलात पाणबुडे होते आणि आता कोयनानगरला धरणाच्या कामावर होते. हात मागे बांधून ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "पर बाई, एवढ्या खाली लाल कुठनं आलं? दहा वाव, म्हंजी साठ फूट खाली लाल उरतच न्हाई. माझा हात कापला व्हता तवा रगत हिरवं दिसलं मला."

झालं! भार्गवीच्या डोक्यात ते वाक्य घर करून बसलं. तिनं आठ दिवस खपून सगळे रंग बदलले. बुडी खोल जाईल तसा आधी लाल गेला, मग नारिंगी, मग पिवळा. तळाशी उरलं नुसतं काळपट हिरवं पाणी. खरं असेल हो, पण ते दाखवायचं मला होतं. माझ्यासारख्या रंगीत मॉनिटरला हा शुद्ध अपमान वाटला. मुलंही दोन दिवसांत कंटाळली. एकानं तर तोंडावर सांगितलं, "म्याडम, शेवाळल्या हिरीगत दिसतंय." आणि रांग त्या काळ्यापांढऱ्यांकडे वळली. माझा नुसता तिळपापड झाला.

सुमंत सरांनी पहिलेच रंग ठेवायला सांगितलं. परीक्षक काही पाणबुडे नाहीत, त्यांना काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. भार्गवी एवढंच म्हणाली, "पण आता मला कळलंय ना, सर." तिला मागे जाता येईना आणि असा खेळ घेऊन साताऱ्यालाही जाता येईना. स्पर्धा पंधरा दिवसांवर आली होती. तिचा जेवणाचा डबा न उघडताच परत जायला लागला.

खंडेनवमी आली. वर्गातली यंत्रं झाडूनपुसून पूजेला मांडली. पूजा सरांच्या आईंकडे, उमाकाकूंकडे होती. बंद यंत्राला कुंकू लावणं त्यांना पटेना. म्हणून पूजेपुरतं आम्हा सगळ्यांना सुरू केलं. इतरांना त्यांनी कुंकू लावलं ते वरच्या बाजूला. मला मात्र थेट काचेवर बोट टेकवलं. काचेवर तेच काळोखं पाणी होतं. त्या अख्ख्या पाण्यात तेवढा एक लाल ठिपका! भार्गवी बघतच राहिली. मला तर धन्य धन्य वाटलं.

रेश्माला दसऱ्यासाठी गावी न्यायला आकाराम आलेले होते. भार्गवीनं वळून त्यांना विचारलं, खाली बॅटरी लावली तर काय दिसतं?

"बॅटरी जवळ न्यावी लागती," ते म्हणाले. "लांबनं मारून उपेग न्हाई. हातभर अंतरावर धरली की पोवळं असं पेटतंय म्हंतासा! समद्या समुद्रात तेवढंच लाल."

भार्गवीचे हात शिवशिवत होते. पण पूजलेलं यंत्र त्या दिवशी कामाला लावायचं नाही, असा काकूंचा दंडक. ती बिचारी हात मांडीवर ठेवून माझ्यासमोर बसून राहिली. दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि ती धावतच वर्गात आली. काचेवरचं कुंकू तिनं कुणाला पुसू दिलं नाही. त्याच्याशी ताडून पाहत तिनं पोवळ्याचा लाल रंग बसवला.

आता पाणी खरं होतं, काळोखं होतं. पण मुलगी पोवळ्याजवळ गेली आणि बॅटरी लावली की तेवढ्या गोलात सगळे रंग झळकायचे. बॅटरी लवकर संपायची, म्हणून ती कुठं लावायची याचा विचार करावा लागायचा. मुलं परत आली, आणि या वेळी हलायलाच तयार होईनात.

साताऱ्याला जाताना भार्गवीनं मलाच बरोबर घ्यायचा हट्ट धरला. प्रत्येक मॉनिटरचा लाल वेगळा असतो, हे तिला ठाऊक होतं. वाकळेत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन तिनं मला नेलं. मागच्या बाकावर सुमंत सर संगणकाचा डबा धरून बसले होते.

तिथं आयोजकांपैकी एका भल्या माणसानं "जरा उजेड करतो" म्हणत माझं बटण पार टोकाला फिरवलं. पाण्याचं ताक झालं. भार्गवीनं ते पुन्हा जागेवर आणलं. परीक्षक कपाळाला आठ्या घालून म्हणाले, पाणी फार काळोखं आहे. तिनं त्यांना खाली जायला सांगितलं.

ते खाली गेले. बॅटरी लागली. मित्रांनो, त्या क्षणी मी जो लाल दाखवला, तसा जन्मात दाखवला नव्हता! मागच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली. परीक्षकांनी एकदा नाही, तीनदा बुडी मारली.

निकाल यायला वेळ होता. भार्गवीला वाईला घेऊन जाण्यासाठी आलेले गोपाळकृष्णपंत माझ्यासमोर बसले आणि दोन बोटांनी बटणं दाबू लागले. त्यांची बॅटरी दर वेळी आधीच संपायची. पहिला नंबर भार्गवीचा, असं जाहीर झालं, टाळ्या पडल्या, तरी त्यांनी मान वर केली नाही. अखेर चौथ्या खेपेला त्यांना पोवळं सापडलं. मग ते भार्गवीकडे वळले.

"पुण्याला कधी निघायचं म्हणतेस?" त्यांनी विचारलं.

आज मी वर्गातल्या कपाटावर असतो. अजून कुणी मला सुरू केलं तर मी रंग दाखवतो, थोडा कुरकुरतो इतकंच. माझी एकच विनंती आहे, मित्रांनो. माझी काच कोरड्या, मऊ फडक्यानं पुसा. आणि चित्र काळोखं दिसलं म्हणून लगेच बटण फिरवू नका. तो काळोख कुणीतरी आठ दिवस खपून तिथं ठेवलेला असतो. आधी थोडं खाली जाऊन बघा.