नेहमीसारखा फोटो

त्या दिवशी माझी जीभ का झडली नाही, कोण जाणे! आमच्या क्वार्टर्सबाहेर गुरुमूर्तीचा फोटो स्टुडिओ आहे. तिथे मी ऊर्मीला उभी केली आणि म्हटलं, स्पर्धेच्या अर्जाला पूर्ण उंचीचा फोटो हवाय. त्याने विचारलं, "नेहमीसारखाच ना, अम्मा?" मला घरी जाऊन कुकर लावायची घाई. म्हटलं, "हो हो, नेहमीसारखाच."

आता नेहमीसारखा म्हणजे कसा, ते लाज सोडून सांगते. माझ्या ऊर्मीला जन्मापासून डावा हात कोपरापर्यंतच आहे. म्हणून तिचा फोटो मी काढूच दिला नव्हता; पण ती तीन वर्षांची होती तेव्हा नाशिकला सासरी फोटो पाठवायचा होता. सासरची तोंडं कशी चालतात, ते मला विचारा! गुरुमूर्ती म्हणाला, कॉम्प्युटरवर हात लावून देतो. दिला लावून, वर बांगडीसुद्धा घातली. तेव्हापासून आठ वर्षं, दर वाढदिवसाला, दर पोंगलला, आमच्या भिंतीवरची ऊर्मी दोन हातांची. ह्यांनी एकदा कुरकुर केली. मी उसळून म्हटलं, "तुम्ही जाता कारखान्यात. लोकांना उत्तरं मला द्यावी लागतात."

पोरगी मात्र अशी पळते म्हणून सांगू! शाळेतल्या खेळाच्या विशालाक्षी मिसनी तिला हेरलं. दिव्यांग मुलांच्या जिल्हा स्पर्धेत शंभर मीटरला हिला उतरवायचंच, म्हणाल्या. मग चार महिने रोज पहाटे सराव. चेन्नईच्या उकाड्यातही लांब बाह्यांचे फ्रॉक घालणारी माझी लेक मैदानावर बाही पार खांद्यापर्यंत सारायची. मी कुंपणाशी उभी राहून बघायचे आणि मला रडू यायचं.

फॉर्मवर स्पष्ट लिहिलं होतं, हात दिसेल असा फोटो लावा. गुरुमूर्तीने मोबाईलवर पाठवलेला फोटो मी पाहिला की! पाहिला, छान आलाय म्हटलं आणि अर्जाला जोडला. आठ वर्षं बघून बघून तो हात मला खराच वाटायला लागला होता.

अर्ज नामंजूर झाल्याचं कळलं तशी ऊर्मीला घेऊन मी अड्यारला स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेचं ऑफिस गाठलं. तिथल्या साहेबांनी स्क्रीन आमच्याकडे वळवला. "अम्मा, दिव्यांग सर्टिफिकेटात हात नाही, फोटोत आहे. आम्ही काय समजायचं?"

स्क्रीनवर ऊर्मी. डाव्या हाताला पाच बोटं, मनगटात बांगडी. ऊर्मीने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग बाही वर केली आणि साहेबांपुढे हात धरला. त्यांचा चेहरा पडला.

"दिसतंय मला, कन्ना," ते तिला लाडाने म्हणाले. "पण यादी शनिवारीच बंद झाली. पुढच्या वर्षी या. लहानपणापासूनचा एखादा खरा फोटो असला तर तोही आणा, म्हणजे कुणाला शंका राहणार नाही."

बसस्टॉपवर येऊन मी गुरुमूर्तीला फोन लावला. मूळ फोटो दे म्हटलं, एक तरी. "मूळ कुठले, अम्मा? तुम्हीच म्हणालात ना, कुणाच्या हाती लागायला नकोत, पुसून टाक."

म्हणजे माझ्या लेकीचा अकरा वर्षांत एकही खरा फोटो नाही. मी मोबाईल उचलला, म्हटलं, "ऊर्मी, बाळा, बाही वर कर गं. मी काढते."

तिने मान हलवली. ऑफिसात वर केलेली बाही खाली ओढली, उजव्या हाताने टोक मुठीत घट्ट धरलं.

"नको," ती म्हणाली. "गुरुमूर्ती अंकलकडेच काढू. तुला आवडतो तसा."

बस आली. ती पुढे जाऊन एकटीच खिडकीशी बसली.