वीस सेंट कमी

"शेअर किती आहेत आपल्याकडे?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

"एक," एवाल्ड म्हणाला.

मुलगी गालातल्या गालात हसली. तिची काही चूक नव्हती. एकेक शेअर खिशात घालून वार्षिक सभेला येणारे म्हातारे जर्मनीत बोखुम शहराच्या बाजूला ढिगानं सापडतात. फुकटचं सॉसेज, बटाट्याचं सॅलड, वर कॉफी, शिवाय संचालकांना तोंडावर चार शब्द सुनवायची मुभा. पेन्शनीतल्या माणसाला याहून बरा दिवस कुठला? तिनं जेवणाचं कुपन पुढं सरकवलं. मला बोलायचंही आहे, असं एवाल्ड म्हणाला तेव्हा मात्र तिनं मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं आणि नाव लिहून घेतलं.

एका शेअरचा मालक म्हणून तो या सभेला पहिल्यांदाच आला होता. आजवर त्याचे शेअर पुष्कळ असत. एकवाली असायची ती रोजविता, त्याची बायको.

एवाल्ड फरशी बसवणारा. सगळी हयात गुडघ्यांवर गेली. पंप बनवणाऱ्या या कंपनीच्या नव्या इमारतीत तो काम करत होता, तेव्हा मालक स्वतः खाली उतरला आणि जिन्यामागचा, जन्मात कुणी डोकावणार नाही असा कोपरा त्यानं उखडून पुन्हा सरळ बसवायला लावला. ते एवाल्डच्या मनात जे बसलं ते बसलंच. जिन्यामागची फरशी वाकडी चालवून न घेणारा माणूस कंपनीही सरळच चालवणार, एवढ्या अभ्यासावर त्यानं दोघांची जन्माची शिल्लक तिच्या शेअरमध्ये घातली. भाव होता बेचाळीस युरो. हसू नका. मोठमोठी कोटवाली माणसं याहून कमी अभ्यासावर पैसे घालतात.

आणि मालक खरोखरच सरळ होता हो. बाजार नव्हता. पुढच्याच वर्षी जगभर सगळं कोसळलं आणि बेचाळीसचा शेअर नवावर आला.

एवाल्डनं हाय खाल्ली. पण विकायचं नाव काढेना. विकलं तर नुकसान खरं होतं, नाही विकलं तर ते नुसतं आकड्यातच राहतं, हे त्याचं ठरलेलं उत्तर. मुलीनं, अंकेनं, समजावून पाहिलं. बँकेतल्या बाईनं समजावून पाहिलं. त्यानं उलट बँकेतच सांगून ठेवलं की भाव बेचाळीस झाला की त्या क्षणी सगळे विका, मला विचारूही नका. तोवर हात लावायचा नाही. रोज दुपारी तो टीव्हीवर भावाचं पान लावून बसायचा. भाव चढला की रोजविताला केक आणायचा. उतरला की जेवताना तिच्याशी एक अक्षर बोलायचा नाही. त्या घरातलं हवामान अशी कित्येक वर्षं ती पंपांची कंपनी ठरवत होती.

रोजविताची नड वेगळी होती. बेकरीत उमर काढलेली बाई ती, पिठाची धूळ छातीत जाऊन बसलेली. समुद्राच्या हवेत बरं वाटेल, असं डॉक्टर म्हणाले होते. नॉर्डर्नाई बेटावर एक खोली घ्यायची, लाटांच्या आवाजात झोपायचं, हे तर दोघांचं आधीच ठरलेलं. शिल्लक त्यासाठीच होती. बेचाळीस झाले की निघायचं, असं एवाल्ड म्हणायचा. बाईनं कधी आदळआपट केली नाही.

एकदा फक्त तिनं गंमत केली. सभेला आत येता यावं म्हणून एवाल्डनं तिला वाढदिवसाला एक शेअर घेऊन दिला होता. सॅलडसाठी पिशवीत डबा घालून ती दरवर्षी यायची. त्या वर्षी काय मनात आलं कोण जाणे, सरळ माइकपाशी जाऊन उभी राहिली.

"माझ्याकडे एकच शेअर आहे," ती धाप सांभाळत म्हणाली. "बाकीचे आमच्या ह्यांच्याकडे. बेचाळीस झाले की मला समुद्रावर नेणार आहेत. तर कधी होणार तेवढं सांगा, म्हणजे मला बॅग भरायला बरं."

सगळा हॉल हसला. बाजारभाव आपल्या हातात नसतो, असं काहीसं अध्यक्ष गोड बोलले. एवाल्डला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येईपर्यंत ट्राममध्ये तो तिच्या शेजारी बसलाच नाही, मागं जाऊन उभा राहिला. पुढं त्याला सगळ्यात जास्त तेच लागलं.

गेल्या उन्हाळ्यात भाव हळूहळू चढला. एक दिवस पडद्यावर एक्केचाळीस युरो ऐंशी सेंट दिसले. रोजविता तेव्हा खिडकीपाशीच असायची, दोन खोल्या चालली की बसायला लागायची.

"अरे एवाल्ड, वीस सेंटच कमी आहेत ना? वीक की आता."

"इतकी वर्षं थांबलो, आता दोन दिवसांनी काय बिघडतंय? मला माझे बेचाळीस हवेत."

तिनं पर्स उघडली, वीस सेंटांचं नाणं काढलं आणि टीव्हीपाशी ठेवलं. "हे घे. झाले तुझे बेचाळीस. चल आता."

एवाल्ड हसला. वेडे, एका शेअरमागे वीस सेंट, असं काही करतात का, असं त्यानं तिला समजावलं. ती बरं म्हणाली. त्या आठवड्यातच भाव घसरला. जानेवारीत रोजविता गेली. समुद्र राहिलाच.

मार्चमध्ये बँकेतून फोन आला. भाव बेचाळीसला लागला होता आणि आधी सांगून ठेवल्याप्रमाणे सगळे शेअर विकले गेले होते. त्या बाईनं अभिनंदनही केलं. दफनाच्या वेळी एवाल्डच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. त्या दिवशी तो जिन्यात बसून लहान मुलासारखा रडला. अंके धावत आली. टीव्हीपाशी ते नाणं अजून आहे. धूळ पुसताना तो त्याच्या भोवतीनं फडकं फिरवतो.

रोजविताचा एक शेअर तेवढा वारशानं त्याच्याकडे आला. त्याच्याच जोरावर तो आज आला होता.

नाव पुकारलं तसा तो माइकपाशी गेला. जन्मात कधी असा बोलला नव्हता.

"माझ्या बायकोनं इथं विचारलं होतं," तो म्हणाला. "बेचाळीस कधी होणार म्हणून. मला तेच विचारायचंय."

अध्यक्ष नवे होते. ते खुशीत येऊन म्हणाले, "साहेब, बेचाळीस तर आपण केव्हाच मागं टाकले. आज सत्तेचाळीस चालू आहेत. घरी जाऊन सांगा बाईंना."

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. एवाल्ड टाळ्या थांबेपर्यंत उभा राहिला. मग "सांगतो" म्हणाला आणि खाली उतरला.

जेवणाच्या रांगेत एका जाड्या गृहस्थानं त्याच्या पाठीवर थाप मारली. बेचाळीसला घेतले होते काय, मग सुटलात की, म्हणाला. एवाल्डनं मान डोलावली. पिशवीतून डबा काढून त्यानं सॅलड भरून घेतलं. त्यात मोहरी असते, ती त्याला सोसत नाही. आवडायची रोजविताला.

परतताना ट्राममध्ये तो खिडकीशी बसला आणि डबा शेजारच्या जागेवर ठेवला. पुढच्या थांब्यावर गर्दी चढली. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई त्याच्यापाशी थांबली.

"इथं कुणी आहे का?"

एवाल्डनं डब्याकडे पाहिलं.

"नाही. बसा," तो म्हणाला, आणि त्यानं डबा उचलून मांडीवर घेतला.