लिहीत असल्याची खूण

समर्थचं जावळ अणदूरच्या खंडोबाला काढलं, ते साल दोन हजार तेवीस. समर्थ म्हणजे माझी नात करिश्मा, तिचा मुलगा. जावळ झाल्यावर करिश्मा लगेच पुण्याला परत गेली नाही. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली होती आणि पोराला सांभाळायला इथं माझी बायको धुरपताबाई होती. येडशीपासून चार कोसांवर आमचं गाव. पूर्वी ज्या खोलीत कडबा रचायचो, तिथं करिश्मानं टेबल टाकलं, कॉम्प्युटर मांडला, इन्व्हर्टर बसवला.

तिची कंपनी लहान. कॉम्प्युटरवरून निरोप पाठवायचा एक प्रोग्राम ते तयार करत होते, दुकानांसाठी, सेवा केंद्रांसाठी. रोज त्यात काहीतरी बदल व्हायचा, आणि बदल झाला की सगळा प्रोग्राम नव्यानं बांधावा लागायचा. त्याला ती बिल्ड म्हणायची. सुरुवातीला एका बिल्डला चाळीस मिनिटं लागत. मी तिला म्हणालो होतो, घोंगडीत एक धागा चुकला तर विणणारा सणगर सगळी घोंगडी उसवत नाही, तेवढीच पट्टी उसवतो. ती हसली. पण दिवाळीनंतर तिनं तसंच काहीतरी केलं. जेवढा तुकडा बदलला तेवढाच पुन्हा बांधायचा. चाळीस मिनिटांची सात मिनिटं झाली.

तो प्रोग्राम आधी वापरून बघायला तिला माणसं हवी होती. तिनं दोन म्हातारे निवडले. एक मी, दुसरे माझे थोरले भाऊ धुळाप्पा. त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, ते नळदुर्गच्या पुढं राहायचे. त्यांचा मुलगा सिद्धेश्वर घरातच सेवा केंद्र चालवतो, त्यानं एक जुना कॉम्प्युटर आण्णांच्या बाजेशेजारी लावून दिला होता. मी सत्तावन्नाव्या वर्षी करिश्माच्या तिसरीच्या पुस्तकावरून अक्षरं शिकलो. आण्णा माझ्याही नंतर शिकले. करिश्मा म्हणायची, "तुमा दोघांला जमलं तर साऱ्या जगाला जमंल."

आम्ही रोज सकाळी बोलायचो. आण्णा मला या वयातही बबऱ्याच म्हणायचे. दोघांनाही एक अक्षर शोधायला मिनिट-दोन मिनिटं लागायची. समोरचा माणूस लिहायला लागला की पडद्याच्या तळाशी 'धुळाप्पा लिहीत आहेत' अशी खूण उमटायची. पण सहा सेकंदांत पुढचं बटण दाबलं नाही की ती विझायची. मला वाटायचं आण्णा उठून गेले, मग मीही शेळ्यांकडं निघून जायचो. मी करिश्माला सांगितलं, "तुजी खूण लई उतावळी हाय." तिनं ती बदलली. मग खूण विझेना. समोरच्यानं एक अक्षर जरी लिहून ठेवलं असलं तरी खूण तशीच राहायची. आम्ही दोघं खूश झालो.

आता दुसरी गोष्ट सांगतो, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्याकडं माणूस मेलं की लांबच्या नातेवाइकाला मेलं म्हणून कळवत नाहीत. तब्येत सिरियस आहे, लगेच निघा, एवढंच कळवतात. वाटेत त्याचा धीर सुटू नये म्हणून. सगळ्यांनाच ते ठाऊक असतं. आमचे वडील गेले तेव्हा मी मेंढरं घेऊन बार्शीच्या पुढं होतो. मला असाच निरोप आला. मी तरुण होतो, मी तो खरा धरला. एक दिवस आणि एक रात्र चाललो. पोहोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. त्या दिवशी मी आण्णांना म्हणालो, "मला पुन्हा असं फसवू नका." आण्णांनी खंडोबाची शपथ घेतली. आपल्या दोघांत सिरियस-बिरियस नाही. गेलो तर गेलो, जिवंत तर जिवंत. पण ही शपथ आमच्या दोघांतलीच होती. सिद्धेश्वर तेव्हा जन्मलाही नव्हता.

त्या वर्षी चौदा डिसेंबरला, गुरुवारी सकाळी, मी कॉम्प्युटरपुढं बसलो. आण्णांची खूण आठपासून दिसत होती. मी वाट बघत होतो. नऊ वाजून वीस मिनिटांनी निरोप आला, पण आण्णांचा नव्हे. सिद्धेश्वरचा होता, त्याच्या धंद्याच्या कॉम्प्युटरवरून.

'काका, आण्णा लई सिरियस आहेत. लगेच निघा.'

मी तो दोनदा वाचला. मग धुरपताला हाक मारली. तिनं समर्थला खाली ठेवलं आणि उंबऱ्यातच बसली. "गेलं वो माझं थोरलं दीर," म्हणून तिनं गळा काढला.

शेजारचा राजशेखर आला. त्याच्याकडं पिकअप आहे. निरोप बघून त्यानं टोपी काढली. मग तो कामालाच लागला. "नाना, इंद्रजितची पाळी एकाला सुटती." इंद्रजित माझा मुलगा, करिश्माचा बाप, साखर कारखान्यात कामाला. "त्याला घिऊ, भावकीतले चार जण घिऊ, दीडला निघू. मातीला पाचपत्तुर पोचू. आता घाई करून काय करायचं?"

त्याचं चूक नव्हतं. माणूस गेलं असेल तर घाई कशाला. पण जिवंत असेल तर?

मी पडद्याकडं बघितलं. तळाशी खूण होतीच. 'धुळाप्पा लिहीत आहेत.'

"करिश्मा, हिकडं ये," मी म्हणालो. "आण्णा लिवायलेत."

राजशेखर वाकला. "नाना, मेलेलं माणूस टायपिंग करतंय व्हय?"

"मेलेलं करत न्हाय म्हणूनच म्हणालोय."

करिश्मा पडद्याजवळ आली. तिचा चेहरा उतरला. "आबा, त्या खुणेवर इसवास ठेवू नका. तुमीच सांगितलं म्हणून म्या ती विझू देत न्हाय. त्यांनी आठ वाजता एक अक्षर लिवलं असंल आन् मग..." ती थांबली. "तसं असलं तरी खूण अशीच दिसणार."

म्हणजे अर्धा निरोप पडद्यावर ठेवून आण्णा गेले असतील. मला ते डोळ्यांपुढं दिसलं. बाज, बाजूला पडलेला हात, आणि एक अक्षर.

सिद्धेश्वरला फोन लावला. वाजला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तसंच. धुरपता म्हणाली, "मयताच्या घरी कोण फोन उचलंल? अवं, पाणी तरी प्या."

"तिकडं खरंच बटण दाबतेत का, ते कळायचा काय उपाय?" मी करिश्माला विचारलं.

ती भराभरा बोलली. तिकडं दर बटणाला एक इशारा सुटतो आणि आपल्याकडं येतो. तो आला की खूण उमटते. पण शेवटचा इशारा कधी आला, हे आपला प्रोग्राम कुठंच लिहून ठेवत नाही. "आपल्या बाजूला बदल करून खुणेशेजारी वेळ दाखवली तर कळंल. शेवटचं बटण कधी दाबलं त्याची वेळ."

"किती वेळ लागंल?"

"लिवायला पाच मिंटं. बिल्डला सात."

राजशेखर म्हणाला, "आन् तवर?"

"तवर तू पिकअपमदी डिझेल हाय का ते बघ," मी म्हणालो.

ती बसली. मला तिच्या ओळी वाचता येत नव्हत्या, इंग्रजीत होत्या. मी तिच्या बोटांकडं बघत होतो. समर्थ रडायला लागला, धुरपतानं त्याला उचलून बाहेर नेलं. करिश्माच्या कानातल्या यंत्रात तिच्या साहेबांचा आवाज येत होता, शुक्रवारी नवा प्रोग्राम बाहेर काढायचा होता आणि आज कुणी काही बदलायचं नाही असं ठरलं होतं. ती एवढंच म्हणाली, "सर, माझ्या मशीनवरच करतेय, घरी अडचण आहे," आणि यंत्र काढून ठेवलं.

बिल्ड सुरू झाली. पडद्यावर ओळी पळायला लागल्या. तिसऱ्या मिनिटाला त्या थांबल्या आणि तांबड्या झाल्या.

"काय झालं?"

"म्या चुकले. घाईत." तिनं कपाळावर हात मारला. एक ओळ शोधली, काहीतरी पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा सुरू केली. आता परत सात मिनिटं.

दारात भावकीतले दोघं-तिघं येऊन उभे राहिले. कुणीतरी धुरपताला विचारलं, नारळ, नवं कापड घरात आहे का बाजारातून आणायचं. मी मनात म्हणत होतो, आण्णा, एक बटण दाबा. काना असू दे, मात्रा असू दे. पण दाबा.

बिल्ड झाली. करिश्मानं जुना प्रोग्राम बंद करून नवा उघडला. आणि तळाची खूण गेली.

तिथं आता काहीच नव्हतं. मी तिच्याकडं बघितलं.

"नव्यानं उघडला म्हणून गेली," ती म्हणाली. "आता इशारा आला तरच उमटंल. आबा, आता उमटली तर ती खरी."

आम्ही वाट बघितली. भिंतीवरच्या घड्याळात नऊ पन्नास झाले. एक्कावन्न. राजशेखर दाराला टेकून उभा होता, तो हळूच म्हणाला, "नाना, झालं ते झालं. मनाला लावून घिऊ नका." बावन्न. करिश्माचे ओठ हलत होते, ती आकडे मोजत होती की देवाचं नाव घेत होती कोण जाणे. त्रेपन्न.

खूण उमटली.

'धुळाप्पा लिहीत आहेत. शेवटचं बटण ९:५३.'

राजशेखर म्हणाला, "सिद्धेश्वर लिवत असंल. बापाच्या मशीनवर."

"सिद्धू काका धडाधडा लिवतो," करिश्मा म्हणाली. "आता बघा. त्यो असला तर आकडा थांबायचा न्हाय."

आकडा थांबला. त्रेपन्नवरच राहिला. चोपन्न झाले, पंचावन्न झाले, आणि मग एकदम बदलला. ९:५५. एक बटण. मग पुन्हा काही नाही. दोन-अडीच मिनिटांनी पुन्हा एक.

तसं या जगात दोनच माणसं लिहितात, आणि त्यातला एक इथं उभा होता.

"राजशेखर, काढ गाडी."

"इंद्रजित?"

"त्यो मागून यिल. म्या मातीला न्हाय, भेटायला चाललोय."

धुरपता डोळे पुसत उठली, "म्या बी येते," म्हणाली, आणि नारळ काढायला गेलेल्या बाईला हाक मारून म्हणाली, "ठिवून दे गं त्यो परत!" करिश्मा पोराला घेऊन दारात उभी राहिली. "आबा, म्या बघत बसते. खूण थांबली तर फोन करते."

धाराशिव ओलांडलं, तुळजापूर मागं पडलं. उसाचे ट्रॅक्टर रस्ता अडवत होते, एकामागं दोन-दोन ट्रॉल्या, राजशेखर शिव्या देत हॉर्न वाजवत होता. करिश्माचा फोन दोनदा आला. पहिल्यांदा वाजला तेव्हा धुरपतानं माझा हात धरला. "दहा बत्तीसला बटण," करिश्मा म्हणाली. दुसऱ्यांदा, "अकरा दहा." त्यानंतर फोन आला नाही. मी लावलाही नाही. इतकी वर्षं मेंढरांमागं हिंडलो, अंधारात लांडगा आसपास आहे हे कळायचं, पण अशी भीती कधी वाटली नव्हती.

सव्वाबाराला पोहोचलो. अंगणात चपलांचा ढीग नव्हता.

आण्णा बाजेवर उशांना टेकून बसले होते. श्वास मोठ्यानं चालला होता. मांडीवर उशी, उशीवर कीबोर्ड. डॉक्टर सुई भरत होता आणि सिद्धेश्वर बाटली धरून उभा होता.

मला बघून आण्णांनी मान हलवली. "आलास? मला वाटलं मातीला येतूस. संध्याकाळी."

"तुमी बोलावलं न्हाय. ह्यानं बोलावलं." मी सिद्धेश्वरकडं बोट केलं. "का रं, सिरियस लिवतूस व्हय?"

सिद्धेश्वर गोंधळला. "आता सिरियस हायत तर काय लिवू, काका? सकाळपासनं धाप लागली. निरोप टाकला आन् डॉक्टरला आणायला पळालो, फोन चार्जिंगलाच राहिला."

"त्यानं निरोप वाचून दावला मला, निघताना," आण्णा म्हणाले. एकेका शब्दाला थांबत होते. "मग म्हणलं, बबऱ्या फसणार. आधी सकाळचं रामराम लिवीत होतो. ते पुसलं."

मी पडद्यावर बघितलं. पाठवलेलं नव्हतं, अजून लिहिणं चालूच होतं.

'बबऱ्या म्या मेलो न्हाय ये ज'

धुरपतानं पाण्याचा तांब्या आणला. मी आण्णांच्या मानेखाली हात घातला आणि ते दोन घोट प्याले. मग म्हणाले, "त्या पोरीला सांग, तिची खूण आता झकास हाय." मी तसं करिश्माला फोनवर सांगितलं. ती नुसतं हूं म्हणाली. आमच्या गावात बाराच्या आधी वीज गेली होती, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू राहिला तरी नेट गेलं होतं. म्हणून तिचा तिसरा फोन आला नव्हता. दिसेनासं झालं होतं तेव्हा काय सांगावं, हेच तिला सुचलं नव्हतं.

मी तिथंच राहिलो. आण्णांना दवाखान्यात न्यायचं म्हणून सगळे म्हणाले, डॉक्टर म्हणाला सोलापूरला न्या, आण्णा नको म्हणाले आणि त्यांचं कुणी मोडलं नाही. शुक्रवारी करिश्माच्या साहेबांनी बाहेर काढलेल्या प्रोग्राममध्ये शेवटच्या बटणाची वेळ दाखवणारी खूण ठेवली. त्या दिवशी आम्ही दोघं भाऊ समोरासमोर बसून बोललो, त्यामुळं ती आम्हाला लागली नाही.

माझे थोरले भाऊ धुळाप्पा शनिवारी, सोळा डिसेंबर दोन हजार तेवीस रोजी, सकाळी सहा वाजता वारले. वय एकोणऐंशी. मी त्यांच्याजवळ होतो. इंद्रजितला आणि करिश्माला मी स्वतः कळवलं, आणि गेले असंच लिहिलं.