सिंहाचं दरपत्रक

मित्रांनो, मी एकनळी बंदूक. वयाने साठीच्या पुढची, दस्त्याला दोन ठिकाणी तार गुंडाळलेली आणि सध्या पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत एका फुटक्या स्कूटरला टेकवलेली. माझ्या नळीला चिठ्ठी बांधली आहे. मी रागावलेली आहे. बंदूक रागावली की लोक लांब सरकतात, पण तुम्ही बसा. माझ्यात काडतूस नाही, नुसता राग आहे.

माझा जन्म बिहारातल्या मुंगेरचा. तिथल्या कारागिरांनी मला घडवलं आणि फिरत फिरत मी ठाण्याला आले. बाळकुमच्या जगनबाबांनी मला घेतलं. तेव्हा बाळकुमात भातशेती होती आणि पीक तयार झालं की येऊरच्या डोंगरातून रानडुकरं उतरत. माझ्या परवान्यावर कारण लिहिलं होतं, 'पीक संरक्षण'. दोनच शब्द, पण मी त्या दोन शब्दांची नोकरी इमानाने केली.

हिशेब सांगते, कारण मी हिशेबाची पक्की आहे. जगनबाबांच्या हातून मी एकतीस वेळा कडाडले. त्यातल्या सत्तावीस वेळा हवेत. चार वेळा डुकरावर, आणि त्यांतलं एक निसटलं. पडलेल्या डुकराचे घरागणिक वाटे होत. पहिला वाटा शेजारच्या सेलेस्टीनच्या घरी जाई, कारण नासाडी बहुतेक वेळा त्याच्याच शेतात झालेली असे. डुकराचं मुंडकं कुणी भिंतीवर लावलं नाही. मुंडक्याचंही कालवण होतं.

पुढे कायदा आला, शिकार बंद झाली. जगनबाबा गेले आणि परवाना त्यांच्या मुलाच्या, पंढरीबाबांच्या नावावर झाला. पंढरीबाबांनी मला फक्त हवेत उडवलं, तेही सहा वेळा. मग शेत गेलं, शेतावर टॉवर आला आणि त्याच टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर मी लोखंडी कपाटात उभी राहिले. कपाटाची किल्ली पंढरीबाबांच्या कमरेच्या करगोट्याला असे. दसऱ्याला ते मला बाहेर काढत, तेल लावत, झेंडूची माळ घालत. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत, "हिना आमचा भात राखला." वर्षातून एकदा एवढं कौतुक मला पुरत होतं.

आता विकीशेठ. हा पंढरीबाबांचा एकुलता एक मुलगा. बापाने चिखल तुडवला, मुलगा वागळे इस्टेटमधल्या गाळ्यांचं भाडं खातो. भाड्याचा हिशेब त्याची बायको दर्शना ठेवते, म्हणून ते घर चालतं. विकीशेठचा एक दोस्त शीळफाट्याला आहे, हर्षित. त्याने परदेशात जाऊन पैसे देऊन शिकार केली आणि ऑफिसात पिळदार शिंगांचं मुंडकं लावलं. ते पाहून आल्यापासून विकीशेठला जेवण गोड लागेना.

परदेशात अशा शिकारीची सोय करणाऱ्या कंपन्या असतात. तंबू, जेवण, गाडी, भाड्याची बंदूक आणि जनावरासमोर नेऊन उभा करणारा वाटाड्या, सगळं त्यांचं. विकीशेठने तीन कंपन्यांची दरपत्रकं मागवली आणि दर्शनाला कॉम्प्युटरवर तक्ता करायला बसवलं. माझं कपाट त्याच खोलीत. दार जरा वाकलेलं होतं, त्या फटीतून मी सगळं ऐकत होते.

"इम्पाला चाळीस हजार," दर्शना वाचत होती. "हे हरणासारखं असतं. झेब्रा लाखाच्या वर. कुडू सव्वादोन लाख."

"कुडू हर्षितकडे आहे. सिंह बघ ना तू."

"सिंह अठरा लाख. सिंहीण साडेपाच."

"एवढा फरक?"

"आयाळीचे पैसे असतील. इकडे पण बायकांचा रेट कमीच असतो, चालू दे." ती खाली सरकली. "दिवसाचं राहणं वेगळं. बंदुकीचं भाडं वेगळं. कातडी कमावणं, पेटी, जहाज, सगळं वेगळं. सोबत नुसतं बघायला येणाऱ्या माणसाला तेरा हजार रोज. म्हणजे मी तुमच्याबरोबर उन्हात उभी राहायचे तेरा हजार?"

"जेवण आहे त्यात."

"जेवण मी घरी पण करते. आणि ऐका, जखमी होऊन पळालं तरी पूर्ण पैसे. रक्ताचा थेंब सांडला की बिल."

"अगं, आपण पाडणार ना. पळेल कशाला?"

"तेही लिहिलंय, बारीक अक्षरात. सिंह पिंजऱ्यात वाढवलेला असतो आणि तुम्ही यायच्या तीन दिवस आधी कुंपणात सोडतात."

मला वाटलं, आता तरी याला लाज वाटेल. विकीशेठ खूश होऊन म्हणाला, "मग गॅरंटी आहे. हीच कंपनी फायनल कर."

मित्रांनो, मी त्या कपाटात अक्षरशः तापले. डुकरं आमचा भात खात होती, म्हणून आम्ही त्यांच्यासमोर उभे राहिलो. या सिंहाने बाळकुमचं काय खाल्लं होतं? माणसाच्या हातून बाटलीने दूध प्यालेलं जनावर, माणूस दिसला की जवळ येणारं. त्याच्यासमोर कुणीतरी माझी महागडी बहीण रोखणार, आणि त्या माणसाला शूर म्हणायचं?

पंढरीबाबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "बाला, त्या सिंहाना तुजा काय वाकरा केलाय?"

"बाबा, हा स्पोर्ट आहे. तुम्हाला नाही कळणार."

"आनि मटनाचं वाटं?"

"मटण ते लोकच ठेवतात. आपल्याला फक्त डोकं."

बाबा दार सोडून आत आले. "खायाचा नाय, राखायाचा नाय. मंग मारायाचा कनाला?"

विकीशेठने मोबाइल वर केला आणि आगाऊ रक्कम पाठवली. परत न मिळणारी, हे दर्शनाने दोनदा वाचून दाखवलं होतं.

चार दिवसांनी कंपनीचा फॉर्म आला. त्यात अनुभव विचारला होता आणि नेमबाजीचा एक व्हिडिओ मागितला होता. विकीशेठचा अनुभव जत्रेतल्या फुग्यांपुरता. पण बढाई मारायची तर 'खानदानी शिकारी' असं लिहायला हवं, आणि पुराव्याला मी घरातच होते. बाबा सकाळी अंघोळीला जाताना करगोट्याची किल्ली काढून खिळ्याला अडकवत. विकीशेठने ती घेतली, कपाटातली जुनी काडतुसं खिशात घातली, मला चादरीत गुंडाळलं आणि टॉवरमागच्या खाडीलगतच्या भरावावर नेलं. ज्या घरात माझ्यासमोर हात जोडत, त्या घरातून मी चोरासारखी बाहेर पडले.

समोर एक निळा ड्रम ठेवला. मोबाइल एका दगडावर टेकवला. काळा चष्मा घातला. पहिलं काडतूस सर्दावलेलं होतं, उडालंच नाही. मी देवाला हात जोडले असते, पण मला हात नाहीत. दुसरं उडालं. ड्रमला काही झालं नाही. त्याच्या मागे तिवरांच्या झुडपांच्या कडेला बगळे बसले होते. त्यातला एक लंगडत, एक पंख ओढत तिवरांत शिरला आणि परत दिसला नाही. रक्ताचा थेंब सांडला होता. त्याचा भाव कुठल्याच दरपत्रकात नव्हता, म्हणून विकीशेठने तिकडे पाहिलंही नाही. त्याने व्हिडिओ कंपनीला पाठवला, आणि हर्षितला दिसावा म्हणून स्टेटसलाही ठेवला.

हर्षितला दिसला. फिरत फिरत पोलिसांनाही दिसला.

संध्याकाळच्या आत मी पोलीस ठाण्यातल्या टेबलावर होते. समोर पंढरीबाबा, धुतलेल्या सदऱ्यात, कारण परवाना त्यांच्या नावाचा. बाजूला विकीशेठ आणि दर्शना. साठ वर्षांत या घराच्या परवान्यावर एक शेरा नव्हता. निवडणूक आली की बाबा स्वतः मला जमा करायला आणत आणि स्वतः न्यायला येत. ठाण्यातले शिपाई त्यांना खुर्ची देत. त्या दिवशी ते उभे होते.

साहेबांनी विचारलं, "शस्त्र यांच्या हातात कसं गेलं?"

विकीशेठ चटकन म्हणाला, "साहेब, बाबांनीच दिली. म्हणाले, जरा चालवून बघ." मग बापाच्या कानाशी वाकला, "हो म्हणा ना. तुमचं वय बघून सोडतील. माझा पासपोर्ट अडकेल."

दर्शनाने मान फिरवली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पंखा फिरत होता आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली. हा माणूस आयुष्यात मुलाला कधी 'नाही' म्हणाला नव्हता. हो म्हणाला, तर साठ वर्षांची नेकी त्या एका खोट्यात बुडणार होती, आणि उद्या परवाना याच मुलाकडे जाणार होता.

"मी नाय दिली," बाबा म्हणाले. "याना किल्ली चोरली. लिवा तसा."

"बाबा!"

"आनि साहेब, माजा परवाना रद्द करा. माज्या मागं पन याला देवू नका."

साहेबांनी पेन थांबवलं. "आजोबा, नीट विचार करा. वडिलांची वस्तू आहे. पुन्हा मिळणार नाही."

"म्हनून तं."

विकीशेठ गयावया करू लागला. "बाबा, दसऱ्याला पूजेला काय ठेवणार? लोक काय म्हणतील?"

"घरान विला हाय," बाबा विळा धरल्यासारखी मूठ वळून म्हणाले. "भात त्याना कापलाय. तो पुजीन."

त्यांनी सही केली. सही सरळ ओळीवर आली. जाताना त्यांनी माझ्या दस्त्याच्या तारेवरून बोट फिरवलं, एकदाच. विकीशेठ बाहेर जाऊन फोनवर इंग्रजीत आगाऊ रक्कम परत मागत होता. दर्शना त्याच्या गाडीत बसली नाही. सासऱ्याचा हात धरून ती रिक्षा बघायला गेली.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, मी पंढरीबाबांवर रागावले असेन. मुळीच नाही. उद्या मला भट्टीत घातलं तरी चालेल. विकीशेठच्या हातात पुन्हा जाण्यापेक्षा वितळलेली बरी.

तुमच्या घरातही एखादी धारेची वस्तू असेल. कोयता असेल, सुरी असेल, नाहीतर पुढे कधीतरी तुमच्या हातात येणारा पैसा असेल. ती उचलण्याआधी ती कशासाठी घरात आली हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आणि कुणी एखाद्या जिवाचा भाव सांगू लागलं, तर आधी त्या जिवाने तुमचं काय खाल्लं ते आठवून पाहा. काही आठवलं नाही, तर हात खाली ठेवा.