विचारून घेतलेली वाट

चांगुलपणाही कधी कधी गळ्याशी येतो बघा. ऑल्डरकोंब गावच्या एनिडबाईंच्या आला.

गावातून चर्चकडे जाणारी पायवाट गार्नेटच्या शेतातून जायची. दहा मिनिटांची चाल. चर्चच्या आवारात बाईंचे यजमान वॉल्टर अकरा वर्षांपासून मातीआड होते आणि बाई रोज त्यांच्याशी चार शब्द बोलून यायच्या. म्हातारा रूबेन गार्नेट वारला, शहरातल्या सॉमर्सने शेत विकत घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात फाटकाला कुलूप ठोकलं. आता उरला डांबरी रस्ता. तीन मैलांचा, कडेला पाय ठेवायला जागा नाही, वर खाणीचे ट्रक अंगावर येणारे. बाई अठ्ठ्याहत्तरच्या.

गाव पेटलं. वाट कुणाची, याच्या चौकशीला सरकारी अधिकारी येणार असं ठरलं. कायदा मोठा गमतीचा! लोक वीस वर्षं कुणाला न विचारता बिनदिक्कत चालले असतील, तर वाट गावाची. विचारून चालले असतील, तर ती मालकाची मेहरबानी. म्हणजे उद्धटाला हक्क आणि सभ्याला ठेंगा.

आणि बाई पंचवीस वर्षं गावसमितीच्या चिटणीस! दर सप्टेंबरात प्लमचा केक घेऊन रूबेनच्या दारात जायच्या. "यंदाही गावाला जाऊ देशील ना रे?"

"जा की! फाटक तेवढं लावत जा, मेंढ्या पळतात."

हे फक्त त्या दोघांना ठाऊक. चौकशीच्या दिवशी सकाळी बाईंनी पबवाल्या डेस्मंडला सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला.

"अहो बाई, कुणापाशी बोलू नका! 'नाही' म्हणायचं आणि खाली बसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

सॉमर्सच्या वकिलाने नेमकं तेच विचारलं. "मालकाची परवानगी कधी मागितली होती का?"

बाई उभ्या राहिल्या. 'नाही' म्हटलं की वॉल्टर पुन्हा दहा मिनिटांवर. पण रूबेन पंचवीस वर्षं हसत 'जा की' म्हणाला होता. त्या भल्या माणसाचं देणं नाकारायला जीभ रेटेना.

"मागितली होती," त्या म्हणाल्या. "दर वर्षी. सगळ्या गावासाठी."

"घ्या! बुडवलं म्हातारीने!" मागून कुणीतरी ओरडलं.

महिन्याभरात निकाल लागला. वाट सॉमर्सची. डेस्मंड बाईंना बघून पाठ फिरवू लागला. एक दिवस दुकानात, सगळ्यांदेखत, सॉमर्सने त्यांना गाठलं.

"बाई, तुम्ही खरं बोललात म्हणून मी जिंकलो. फाटकाची एक किल्ली तुमच्यासाठी ठेवलीय. या आणि मागा, लगेच देतो."

"आणि गावाला?"

"गावाला नाही. फक्त तुम्हाला."

बाईंचे डोळे भरून आले. किती हवी होती ती किल्ली! रांगेतले सगळे कान टवकारून उभे होते.

"मग नको," त्या म्हणाल्या आणि पाव न घेताच बाहेर पडल्या.

रविवारी चर्चला जाणाऱ्या गाड्या त्यांच्या दारावरून जातात. 'बसता का?' म्हणून कुणी विचारत नाही, आणि मागणं बाईंनी सोडून दिलंय.