तिसरी गोष्ट सगळ्यात आवडली

मृणालीचं पुस्तक छापून आलं, तेव्हा तिच्या वडिलांनी, आधार गुरुजींनी, पहिलं काम केलं ते फोन हातात घेण्याचं.

पुस्तक मुलांच्या गोष्टींचं होतं. नाव ‘घुबडाचा डबा’. कुठल्याही प्रकाशकाचं दार न ठोठावता मृणालीने ते स्वतःच काढलं होतं. ती जळगावला विम्याच्या कचेरीत नोकरीला. संध्याकाळी खोलीवर येऊन लिहायची, सुटीच्या दिवशी छापखान्यात जाऊन कागद निवडायची, चित्रं मैत्रिणीकडून काढून घ्यायची. असा उद्योग चांगला दोन वर्षं चालला. मग एक दिवस पुस्तकांचे गठ्ठे धुळ्याला, देवपुरातल्या घरी आले आणि दिवाणाखाली जाऊन बसले. ते बघून मृणाली हळूच म्हणाली, “बाबा, घेईल का हो कोणी?”

पोरीचा तो पडलेला आवाज गुरुजींना सहन झाला नाही. उभी हयात त्यांनी अमळनेर तालुक्यातल्या खेड्यांमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली होती. त्यांच्या हाताखालची पोरं आता मोठी होऊन अमळनेरात दुकानं थाटून बसली होती. गुरुजींचा फोन म्हणजे अजूनही हजेरीचा पुकारा. एकेकाला त्यांनी सांगितलं, “आपल्या मृणालीचं पुस्तक आहे. तुझं नाव लिहून ठेवलंय.” पुस्तक कसलं, काय आहे त्यात, हे कुणी विचारलं नाही आणि गुरुजींनीही सांगितलं नाही. महिनाभरात दिवाणाखालची जागा मोकळी झाली. गुरुजींच्या बायकोने, कलाबाईंनी, तिथे कांदे पसरले.

मृणालीचा आनंद पोटात मावेना. पण तो तिला स्वस्थ बसू देईना. जळगावात तिच्यासारखीच स्वतःच्या हिमतीवर पुस्तकं काढणारी मंडळी अधूनमधून एका सभागृहात टेबलं मांडून बसत. तिथे ज्योतीताई नावाच्या एका बाईंशी तिची ओळख झाली. ज्योतीताई शेजारच्या टेबलावर आपली पुस्तकं मांडायच्या आणि येणाऱ्याला नावाने हाक मारायच्या, मृणालीला ओळख सांगायच्या. हा चाळीसगावचा, ह्याच्या आईने माझं पहिलं पुस्तक घेतलं. ही मुक्ताईनगरची, हिने मागच्या पुस्तकावर मला चांगलंच फैलावर घेतलं होतं. बोलता बोलता त्यांनी मृणालीला विचारलं, “आणि तुझे वाचक कोण गं?”

मृणालीला एकही नाव सांगता आलं नाही.

शनिवारी ती धुळ्याला आली ती हेच मनात घेऊन. जेवताना म्हणाली, “बाबा, उद्या मला अमळनेरला न्या. ज्यांनी पुस्तक घेतलं त्यांच्याशी बोलायचंय. दुसरं पुस्तक अर्धं लिहून ठेवलंय, पण हात पुढे जात नाही. कुणी वाचतंय असं कळलं तर पुरं करीन. नाहीतर इथेच थांबते, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही.”

गुरुजींचा घास हातातच राहिला. वाईट वाटून घ्यायचं नाही म्हणणारीला किती वाईट वाटणार आहे, हे बापाला कळत होतं. आणि आपल्या पोरांपैकी किती जणांनी पुस्तक उघडलं असेल, हेही मास्तरला कळत होतं.

आता इथे गुरुजींची एक जुनी सवय सांगायला हवी. शाळा तपासायला साहेब येणार असले की आदल्या दिवशी गुरुजी वर्गाची तयारी करून घेत. साहेब काय विचारतील, कुणी हात वर करायचा, उत्तर कसं द्यायचं, सगळं घोटून घेत. त्यात त्यांना कधी काही वावगं वाटलं नाही. पोरं हुशारच असतात, नुसती घाबरतात, त्यांना थोडा आधार द्यावा, एवढंच त्यांचं म्हणणं. साहेब शेरा चांगला देऊन जात, पोरांना गूळ-शेंगदाणे मिळत, आणि कुणाचंच काही बिघडत नसे.

जेवण झाल्यावर गुरुजी फोन घेऊन मागच्या अंगणात गेले. पुस्तकातली तिसरी गोष्ट सगळ्यात लहान होती, एका बाभळीची. एका रात्रीत, काम सांभाळून, कुणालाही वाचता येण्याजोगी. गुरुजींनी एकेकाला समजावलं की उद्या ताई येणार आहे, तेवढी एक गोष्ट वाचून ठेव, आणि वेळ नसलाच तर एवढं म्हण. काय म्हणायचं, तेही सांगितलं आणि पलीकडून म्हणवून घेतलं.

कलाबाई भांडी घासत होत्या. ऐकून ऐकून शेवटी म्हणाल्या, “काय हो, साहेब येणार आहेत का उद्या तपासणीला?”

गुरुजी हसले. बायकोचा टोमणा त्यांना कौतुकासारखा वाटला.

रविवारी सकाळी बापलेक एसटीने अमळनेरला उतरले. पहिलं दुकान रुपचंदचं, लोखंडी सामानाचं. रुपचंद हा गडी जन्मात खानदेशीशिवाय बोललेला नाही. बँकेच्या साहेबाशीसुद्धा तो तसंच बोलतो. गुरुजींना पाहताच गल्ल्यावरून उठला. “या गुरुजी, या. बस ताई. घरना बठ्ठा बरा शेतस ना?” अशी घरच्यांची चौकशी करत त्याने चहा मागवला, पंखा आपल्याकडचा त्यांच्याकडे वळवला. मृणालीने पुस्तकाचा विषय काढला आणि रुपचंद एकदम ताठ झाला. दोन्ही हात मांड्यांना चिकटले.

“मला तिसरी गोष्ट सगळ्यात आवडली,” तो म्हणाला. “बाभळीच्या झाडापासून आपल्याला परोपकाराची शिकवण मिळते.”

मृणाली क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. तिची बाभूळ परोपकारी मुळीच नव्हती. कुणी आंबा हो म्हटलं की भांडायला उठणारी, हेकट, काटेरी म्हातारी होती ती. पण बाहेर आल्यावर ती खुशीत म्हणाली, “बघा ना बाबा, लिहिणाऱ्याला एक दिसतं आणि वाचणाऱ्याला दुसरंच. मला हे सुचलंच नव्हतं.” गुरुजींनी मान डोलावली. पोरीचा चेहरा उजळला होता, आणि त्यांच्या लेखी काम फत्ते झालं होतं.

दुसरं ठिकाण चंदनचा फोटो स्टुडिओ. चंदनने खुर्च्या पुसल्या आणि मृणालीने काही विचारायच्या आतच तो म्हणाला, “ताई, मला तिसरी गोष्ट सगळ्यात आवडली. बाभळीच्या झाडापासून आपल्याला...” पुढचं त्याला आठवेना.

मृणालीचा हसरा चेहरा तसाच राहिला, पण त्यातलं हसू निघून गेलं. तिने शांतपणे विचारलं, “आणि घुबडाची? ती कशी वाटली?”

चंदनने गुरुजींकडे पाहिलं. चाळिशीला आलेला, पोट सुटलेला माणूस, पण नजर चौथीतल्या पोराची. मृणालीनेही वळून पाहिलं. तेव्हा तिच्या बापाचे ओठ हलत होते. आवाज न करता गुरुजी सांगत होते, परोपकाराची शिकवण.

आपले ओठ हलताहेत हे गुरुजींना तिच्या डोळ्यांकडे बघून कळलं. त्यांनी तोंड मिटलं. वर्षानुवर्षं साहेबांच्या पाठीमागे उभं राहून ते असेच ओठ हलवत आले होते, आणि एकाही साहेबाने कधी मागे वळून पाहिलं नव्हतं. भिंतीवरच्या आरशांत गुरुजी चहूबाजूंनी दिसत होते. कुठे बघावं ते त्यांना समजेना.

रस्त्यावर आल्यावर मृणाली थांबली. मग म्हणाली, “किती जणांना केलात फोन?”

“सगळ्यांना.”

“चला स्टँडवर.”

गुरुजींनी कसंबसं सांगितलं की शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनीने, दिपमालाने, आपल्यासाठी रांधून ठेवलंय, न जाता परतलो तर बिचारी वाट बघत बसेल. अन्नाचा विषय निघाल्यावर मृणालीला नाही म्हणता आलं नाही. पण त्या अर्ध्या तासाच्या वाटेत ती बापाच्या चार पावलं पुढे चालत होती. गुरुजींना तिची पाठ दिसत होती. ओरडली असती, भांडली असती, तर त्यांनी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्या पाठीला काय उत्तर देणार?

दिपमाला घरीच शिवणकाम करायची. तिचा नवरा तेलाच्या कारखान्यात रात्रपाळीला, तेव्हा दुपारी तो आत झोपलेला आणि घरात सगळं हळू आवाजात. मुलगी भाविका मामाकडे गेलेली. दिपमालाने पाणी दिलं, समोर मांडी घालून बसली आणि खाली मान घालून म्हणाली, “ताई, मला तिसरी गोष्ट सगळ्यात आवडली.”

“हो. परोपकाराची शिकवण मिळते,” मृणालीनेच पुरं केलं आणि पिशवी उचलली. “वहिनी, जेवण राहू द्या. मला भूक नाही.”

दिपमाला गोंधळली. आपलं काय चुकलं, ते तिला समजेना. तिने गुरुजींकडे पाहिलं, आणि गुरुजींची नजर तिच्या शिलाई मशीनवर गेली. मशीनच्या फळीवर पुस्तक पडलं होतं. त्याचं वरचं पान निघून आलं होतं, ते पांढऱ्या दोऱ्याने टाके घालून बसवलं होतं. कडा मळून काळपट झाल्या होत्या. पानापानांत तेलाचे, हळदीचे बोटांचे ठसे. गुरुजींनी आयुष्यभर पोरांची पुस्तकं हाताळली होती. नुसतं पडून राहिलेलं पुस्तक आणि वाचून वाचून झिजलेलं पुस्तक यांतला फरक त्यांना लांबूनही कळे.

एवढ्या सगळ्यांत एकीने खरंच वाचलं होतं, आणि नेमकं तिच्याच तोंडात आपण आपलं वाक्य कोंबलं.

“मृणाली, थांब,” ते म्हणाले. “दिपमाला बोलली ते तिचं नाही. मी पढवलेलं आहे. सगळ्यांनाच पढवलं. पण हिने वाचलंय गं पुस्तक, खरोखर वाचलंय.”

मृणाली चपला घालता घालता थांबली. तिचा आवाज चढला नाही. “बाबा, आता हेही तुम्हीच सांगताय.”

खरंच होतं. आता गुरुजी जे जे म्हणतील ते पढवलेलंच वाटणार होतं. पोरीच्या पुस्तकाच्या बाजूने एक शब्द बोलायचा हक्क त्यांनी आपल्याच हाताने घालवला होता. आपल्या विद्यार्थिनीसमोर, आपल्या मुलीसमोर, सत्तरीच्या घरातला हा माणूस कान धरून उभ्या केलेल्या पोरासारखा उभा राहिला. मग त्यांना एकच सुचलं. मास्तर वर्गात असेपर्यंत पोरं मनातलं बोलत नाहीत. ते काठी टेकत बाहेर गेले आणि ओट्यावर, भर उन्हात बसले. दार त्यांनी ओढून घेतलं.

आतून दिपमालाचा दबका आवाज आला.

“ताई, राग येणार नाही ना? ती बाभळीची मला नाही आवडली. किती भांडते ती. अन् एकाएकी संपूनच जाते.”

“का? कुठे संपायला हवी होती?” मृणालीने विचारलं. आणि चपला पुन्हा काढल्याचा आवाज झाला.

पुढचं गुरुजींना तुटक तुटक ऐकू येत होतं. सगळे निजलेले असताना एकटंच जागं राहून डबा खाणारं ते घुबड भाविकाने उचललं होतं. बापाला ती आता घुबडच म्हणते. रोज संध्याकाळी डबा भरताना त्यात आपल्या हाताने काहीतरी टाकते, कधी बोर, कधी शेंगांची चिक्की. बाप सकाळी येतो तो आधी तिला सांगतो, घुबडाने आज काय खाल्लं. पहिल्यांदा तो चिडला होता म्हणे, बापाला घुबड म्हणतेस का म्हणून. मग त्यानेच एके दिवशी ती गोष्ट वाचून घेतली. दिपमाला हसून सांगत होती, आणि मृणालीही हसली. ते हसू सकाळच्या खुशीपेक्षा वेगळं होतं. गुरुजींना ते ऐकू आलं आणि उन्हातही त्यांना थंडगार वाटलं, कारण ह्या हसण्यात त्यांचा काडीचाही वाटा नव्हता. उलट त्यांनी ते जवळजवळ होऊच दिलं नसतं.

जेवायला त्यांना दिपमालानेच हाक मारली. निघताना तिने वाकून नमस्कार केला, तेव्हा आशीर्वादाला उचललेला गुरुजींचा हात मध्येच अडखळला. “चुकलो गं मी,” ते म्हणाले. दिपमालाने ऐकलं न ऐकलंसं केलं.

परतीच्या एसटीत मृणाली खिडकीशी बसली. बरीच गावं मागे गेल्यावर तिने विचारलं, “बाबा, तुम्हाला कोणती आवडली?”

गुरुजींच्या ओठांवर तेच वाक्य आलं. दुसरं काही आलंच नाही. ते घाबरले. छापायच्या आधी त्यांनी सगळं पुस्तक दोनदा नजरेखालून घातलं होतं, पण चुका काढायला. काना, मात्रा, वेलांटी. गोष्ट काय होती, ते त्यांना सांगता येईना.

“मी वाचलेलं नाही,” ते म्हणाले. “तपासलंय फक्त.”

मृणालीने मान हलवली. तिला जणू ठाऊकच होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, “दुसरं पुरं करीन मी. ती बाभूळ कुठे संपायला हवी होती, तेही आता कळलंय. पण ह्या वेळी तुम्ही कुणाला फोन करायचा नाही.”

“बरं.”

“एकालाही नाही.”

“नाही करणार. मग मी काय करू?”

मृणालीने पिशवीतून आपली प्रत काढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि डोळे मिटून घेतले. गुरुजींनी चष्मा पुसला. गाडीच्या हेलकाव्यांत अक्षरं हलत होती, पण त्यांनी पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि पहिलीतलं पोर वाचतं तसं, सावकाश, एकेक ओळ करत वाचायला सुरुवात केली.