भेटीच्या तासाचा पास

आमच्या खानदेशात माणूस दवाखान्यात पडला की त्याला भेटायला गावच्या गाव येतं. औषध कोणतं चालू आहे हे फारसं कोणी विचारत नाही, पण तोंड दाखवून जावंच लागतं. जो येत नाही तो वर्षानुवर्षं लक्षात राहतो. "मी दवाखानामां व्हतू, तवय तू उना नही," हे वाक्य लग्नाच्या पंगतीत सगळ्यांदेखत ऐकवलं जातं. म्हणून लोक येतात. मीही आयुष्यभर गेले. बिस्किटाचा पुडा पिशवीत टाकून, धड ओळख नसलेल्या माणसांच्या उशाशी बसून आले. तेव्हा धुळ्याच्या हॉस्पिटलात आपल्याच नवऱ्यापर्यंत पोचायला मला या लोकांमधूनच वाट काढावी लागणार, हे मला आधीच कळायला हवं होतं.

माझं नाव हेमलता. दोंडाईच्याकडच्या एका गावात मी अंगणवाडी चालवली, आता घरीच असते. माझे यजमान प्रेमराज विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करून देतात. मूलबाळ नाही. एका साखरपुड्याहून मोटरसायकलवर परतताना रानडुक्कर आडवं आलं. पुढचं मला काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा मी बायकांच्या वॉर्डात होते, डावा हात प्लास्टरमध्ये, कपाळाला टाके. ते वरच्या मजल्यावर आयसीयूत होते. मांडीचं हाड मोडलेलं, बरगड्या मोडलेल्या, छातीत नळी. पण शुद्धीवर आहेत, बोलतात, असं सांगितलं. मी देवाला हात जोडायला गेले तर एकच हात हलला.

मला मोकळं केल्यावर मी तडक वर निघाले. जिन्यातच रूपचंदनाना भेटले. नाना म्हणजे यांचे थोरले चुलतभाऊ. पांढरे कपडे, मोठा आवाज, भावकीतलं कुठलंही कार्य नानांशिवाय होत नाही. आम्हा दोघांना दवाखान्यात आणलं ते त्यांनीच, रक्ताची धावपळ केली तीही त्यांनीच. तेव्हा त्यांच्यापुढे माझी मान वर व्हायची नाही, हे आलंच.

नानांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "हाई तोंड लईसन आत जाशी? त्याना छातीमां नळी शे. तुले देखताच त्याले धसका बठी."

मी वॉर्डातल्या आरशात जाऊन पाहिलं. एक डोळा बंद, अर्धा चेहरा जांभळा. मलाच माझी भीती वाटली. नानांची अडचण हीच आहे की त्यांचं बऱ्याचदा बरोबर असतं. सूज उतरेपर्यंत थांबायचं ठरलं. नानांनी येणाऱ्या प्रत्येकाला बजावलं, "तिना टाकासनं नाव काढानं नही. त्यानी इचारं तं सांगा, बरी शे, बाहेर बठेल शे."

आयसीयूचा पास एकच. लाल फितीतला, गळ्यात घालायचा. भेटायला संध्याकाळचा एक तास, एका वेळी एक माणूस, मोबाईल दाराबाहेरच्या टोपलीत ठेवायचा. घरची बाई म्हणून पास माझ्याकडे. मी तो गळ्यातून काढून आलेल्याच्या गळ्यात घालायचे आणि तो बाहेर आला की परत घ्यायचे. एस.टी.च्या कंडक्टरलाही एवढा मान नसेल, पण कंडक्टर निदान गाडीत बसतो.

लोक यायचे. गावाकडून गाडी भरून यायचे. शिंदखेड्याचे, शहाद्याचे, एक तर पार चाळीसगावहून आले, ज्यांच्या मोटारी यांनी कधीकाळी दुरुस्त केल्या होत्या. मी एका हाताने चहाचे कागदी पेले वाटायचे. एकेक जण आत जाऊन यायचा आणि माझा नवरा कसा आहे ते मला सांगायचा. "उतरी गया बिचारा." "वळखं माले." "दाढी वाढेल शे." मी ऐकून घ्यायचे. माझी नणंद भागाबाई तर आतून हुंदके देतच आली. मलाच तिला पाणी पाजून शांत करावं लागलं. तिचा भाऊ होता, तिला रडायचा हक्क होताच. पण त्या दिवशी माझ्या मनात आलं, की हिला रडायला का होईना, निदान बघायला तरी मिळालं.

सूज उतरली तरी माझा नंबर काही लागेना. कारण आता सगळ्यांना सवय झाली होती. तू तर इथेच आहेस, तू कधीही जाशील, हे दुरून आलेत, असं म्हणायचे. आणि ते खरंही वाटायचं. मी इथेच होते. त्या दारापासून चार पावलांवर माझी बाकड्यावरची जागा ठरलेली होती. मी कधीही जाऊ शकत होते, फक्त तो कधीही काही येत नव्हता.

मग मोहिनी सिस्टर बाहेर आल्या. पोरसवदा, धुळ्याच्याच.

"तुम्ही पेशंटच्या मिसेस ना? काकू, ते जेवतच नाहीत. ताट तसंच परत जातं. दोन घोट पाणी घेतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. सर म्हणाले, अशी ताकद गेली तर भूल देता येणार नाही. ऑपरेशन पुढे गेलं तर त्या पायाचं अवघड आहे. तुम्ही जरा समजवा ना त्यांना."

"कोणी समजावलं नाही का?"

"सगळेच सांगतात, जेवा म्हणून. पण तुम्ही आत का येत नाही? पास तर तुमच्याच गळ्यात आहे."

मी खाली पाहिलं. खरंच होता.

त्या संध्याकाळी मी आधीच केस विंचरून, कपाळावर पदर ओढून दाराशी उभी राहिले. तेवढ्यात गावाकडची गाडी आली. नानांनी नावं घेतली, मी पास देत गेले. शेवटी भूषण उरला. पंचायत समितीला उभं राहायचं आहे त्याला, सध्या कोणाचंही दुखणं सोडत नाही. "भाभी, दोन मिनिट," म्हणाला आणि वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा बाहेर आला. मी जिन्यात जाऊन बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले. तिथंही एक अनोळखी बाई थांबली आणि हळूच विचारती झाली, "कोन गये वं माय?" कोणी नाही, असं म्हटलं तर तिचाही विश्वास बसला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नानांना सांगितलं, आज पोटात अन्न गेलं नाही तर उद्याचं ऑपरेशन रद्द. नानांनी ते सगळ्यांना सांगितलं. सगळे हळहळले. आणि भेटीचा तास सुरू झाल्यावर सगळे रांगेत उभे राहिले. पहिला मान यांच्या मामांचा होता, वयस्कर माणूस, नव्वदीला आलेला, नातवाने धरून आणलेला. नानांनी पाससाठी माझ्याकडे हात केला.

मी पास दोन्ही हातांनी धरला, प्लास्टरच्या हातानेसुद्धा.

"नाना, आज मी जास."

"हेमलता, आबा इतल्या दूरतून उनात. तू त आठेच शे."

"माले मना नवरा पहाना शे."

फार मोठ्याने बोलले नव्हते, पण कॉरिडॉरमधली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. आमच्याकडे बाई असं चारचौघांत बोलत नाही. नानांचा चेहरा लाल झाला. "मंग आमले कसाले बलावं?" म्हणाले. बोलावलं कोणीच नव्हतं. पण ते सांगायला मी थांबले नाही.

आत गार होतं आणि यंत्रं टिकटिक करत होती. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी हाक मारली नाही, नुसती खाटेशी जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वळवली, मला पाहिलं आणि हसले. इतकं शांत हसले की मला भीती वाटली. दचकले नाहीत, काही विचारलं नाही.

"उनी तू," म्हणाले. "माले लेवाले उनी ना? चाल. मी तयारच शे."

"कोठे चाल? नळ्या देखा अंगाले कितल्या शेत."

"तुले भलतं लागनं ना वं. मी देखं. रस्तावर पडेल व्हती तू. तोंड बठ्ठं रगतमां. मी आवाज दिधा, दिधा, तू हालनी नही. मंग माले काही दिसनं नही."

मला समजायला वेळ लागला. हा माणूस मेलेल्या बायकोशी बोलत होता.

"मी जित्ती शे," मी म्हटलं. "ऐका. आपन दोन्ही जित्ता शेतस."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ही सुद्धा तेच सांगते. मग मी त्यांचा हात उचलला आणि कपाळावर टाक्यांवर दाबला. इतका दाबला की माझ्या तोंडून "ओ माय!" निघालं आणि सिस्टर वळून पाहू लागल्या. त्यांनी हात झटकन मागे घेतला.

"दुखनं?"

"मंग! ताजा टाका शेत."

तेव्हा कुठे त्यांचा चेहरा मोडला. छातीत नळी असलेल्या माणसाला नीट रडताही येत नाही. अर्ध्यावर कळ येते, मग थांबावं लागतं, मग पुन्हा सुरू होतं.

"बठ्ठा सांगेत, ती बरी शे, बाहेर बठेल शे. मी म्हने, मंग धाडा ना तिले. तं इकडे तिकडे देखेत. सकायले येई, म्हनेत. भागा तं रडालेच लागनी. मी काय समजू? वना दवाखानामां व्हता, इकडे घर आपली माय मरी गई, तवय मीच त्याले रोज सांगे, माय बरी शे, सकायले येई. मीच सांगे ना वं त्याले!"

वना त्यांचा धाकटा भाऊ. ते खरं होतं. त्या वेळी मीही शेजारी उभी राहून मान डोलावली होती. आजाऱ्याला मरणाची बातमी सांगायची नाही, हे आमच्याकडे सगळ्यांनाच कळतं. म्हणून तर त्यांनाही कळलं.

"मंग जेवत काबर नव्हतात?"

ते लाजले. खरंच, लहान पोरासारखे लाजले आणि चादरीकडे पाहत म्हणाले, "कडू घास कोनी दिधा नही माले."

घरातलं माणूस गेलं की मागे उरलेला पहिला घास स्वतःच्या हाताने घेत नाही. भावकीतलं कोणीतरी शेजारी बसतं, पाठीवर हात ठेवतं आणि त्याच्या तोंडात घालतं. तो कडू घास. ते त्या घासाची वाट पाहत होते. रोज त्या दारातून माणसं येत होती, आपलीच, सख्खी, चुलत, मावस. रोज त्यांना वाटत असणार, आज कोणीतरी खरं सांगेल आणि भरवेल. सगळे म्हणायचे जेव. कोणी भरवलं नाही. कोणी का भरवावं, मी तर बाहेर चहा वाटत होते.

कपाटावर दुपारची खिचडी झाकून ठेवलेली होती. गार, घट्ट झालेली. मी उजव्या हाताने कालवली आणि घास त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी आधी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग तोंड उघडलं. घास तोंडात धरून ते कितीतरी वेळ चावतच नव्हते. मी पाठीवर हात ठेवायला गेले तर तो प्लास्टरचा हात, तो लागला त्यांना. तरी त्यांनी काढू दिला नाही. सगळी वाटी संपली. मोहिनी सिस्टर घंटा झाल्यावरही दुसरीकडे काहीतरी शोधत राहिल्या.

मी बाहेर आले तेव्हा कॉरिडॉर रिकामा होता. बाकावर चहाचे पेले तसेच पडलेले. नाना सगळ्यांना गाडीत घालून निघून गेले होते, त्या नव्वदीच्या आबांनाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला कोणी आलं नाही. पाय वाचला, तरी कोणी आलं नाही. आमची भावकी अजूनही माझ्याशी बोलत नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं, वाटत नाही असं म्हणणार नाही.

पण त्या संध्याकाळी मी रिकाम्या बाकावर पेले गोळा करत बसले होते तेव्हा माझ्या डोक्यात नाना नव्हते. मी मेले होते आणि माझ्यासाठी जगात एकच माणूस रडला होता. गाडी भरभरून लोक त्याला भेटून गेले आणि इतके दिवस तो त्या खाटेवर माझं सुतक एकट्याने पाळत होता.